इंजिन-पालट आणि वेगमापक

वाहन-संशोधन व विकास संस्था आणि चिलखती दलाचे केंद्र यांमुळे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हे नाव वाहनविद्येशी निगडित झाले आहे. जुन्या जीपमधील पेट्रोल इंजिन उतरवून घरच्या घरी डिझेल इंजिन चढविण्याची रीतही महाराष्ट्राच्या ग्रामीण भागास अपरिचित नाही. अशा पालटानंतर वेगमापक बंद पडल्यास दोष नव्या इंजिनाकडे दिला जातो. परंतु तो तेथे क्वचितच असतो.

वेगमापक इंजिनाचे फेरे मोजीत नाही. गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या दांड्यावरील मळसूत्री चक्र एक लहान दंतचक्र फिरविते व त्यास केबल जोडलेली असते. विलिस धर्तीच्या जीपमध्ये ही जोडी ट्रान्सफर केसमध्ये असते. तो भाग, मागील आस व टायर कायम राहिल्यास केवळ इंजिन बदलल्याने आकडा बदलण्याचे कारण नाही. केबलच्या दुसऱ्या टोकाशी चुंबक फिरतो. त्यामुळे ॲल्युमिनियमच्या वाटीत भोवऱ्यासारखे विद्युत्-प्रवाह उत्पन्न होऊन वाटी केसस्प्रिंगच्या विरोधात वळते. ही रचना ओटो शुल्झे याने १९०२ मध्ये जर्मनीत पेटंट केली. अंतरमापक मात्र त्याच केबलवर, पण निव्वळ दंतचक्रांनी चालतो.

या भेदावरून दोषाचे निदान करता येते. दोन्ही बंद असल्यास केबल अथवा तिचे दंतचक्र तपासावे. अंतर बरोबर, परंतु वेग चुकीचा, असे असल्यास दोष चुंबकात वा स्प्रिंगमध्ये असतो. दोन्ही एकाच प्रमाणात चुकत असल्यास चक्रांचे गुणोत्तर जुळलेले नसते.

हे गुणोत्तर गणिताने काढता येते. चाकाचा प्रत्यक्ष परीघ २.२ मीटर धरल्यास किलोमीटरमागे चाकाचे सुमारे ४५५ फेरे होतात. आसाचे गुणोत्तर ४.८८ असल्यास प्रोपेलर शाफ्टचे फेरे २,२२० भरतात. मापकास किलोमीटरमागे ६२१ फेरे लागत असतील, तर गुणोत्तर ३.५७ हवे. मळसूत्रास ४ सुरुवाती असल्यास १४ दात्यांचे चक्र घ्यावे. मग आकडा सुमारे २ टक्के अधिक येतो. १५ दात्यांचे घेतल्यास तो जवळजवळ ५ टक्के कमी येतो. अधिक दाखविणारी चूक पत्करावी, कमी दाखविणारी नव्हे. त्याच वाहनास ४.१० गुणोत्तराचा आस बसवून चक्रे तशीच ठेवल्यास आकडा आणखी सुमारे १६ टक्क्यांनी घसरतो. चालकास ५० दिसत असताना गाडी ६० च्या आसपास धावत असते, आणि ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

नव्या गिअरबॉक्सवर केबलऐवजी विद्युत् स्पंद देणारा संवेदक असल्यास तत्त्व तेच राहते. फेऱ्यांच्या जागी किलोमीटरमागील स्पंदांची संख्या जुळवावी लागते.

जोडणीनंतर पडताळा घेणे अगत्याचे होय. नगर-मनमाड मार्गासारख्या सरळ रस्त्यावर, वर्दळ नसताना, काटा ४० वर स्थिर ठेवून एका किलोमीटर-दगडापासून पुढील ५ दगड ओलांडावेत व वेळ सोबत्याने मोजावा. तो ४५० सेकंद आला पाहिजे. कमी आल्यास मापक वेग कमी दाखवीत आहे असे समजावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफार मनमानीपणे करता येत नाही. म्हणून परवानगीचा प्रश्न काम हाती घेण्यापूर्वीच सोडवावा.