दूरची कादंबरी आणि जवळचें कुर्माघर

परदेशांतील स्त्रियांच्या कादंबऱ्या वाचण्याचा नाद आपल्या सुशिक्षित घरांतून चांगलाच रुजला आहे. पर्ल बक यांच्या ‘द गुड अर्थ’ (१९३१) मधील कष्टाळू चिनी शेतकरीण ओलान, किंवा फ्लोरा न्वापा यांच्या ‘एफुरू’ (१९६६) मधील आफ्रिकी नायिका यांच्यासाठीं आपण हळहळतों. परंतु समुद्रापलीकडच्या दुःखाविषयीं हळहळणें सोपें असतें. त्यापायीं आपल्या घरांतलें कांहींच बदलावें लागत नाहीं.

आतां जवळ पाहूं. चंद्रपूर आणि त्यापासून १९८२ सालीं वेगळा झालेला गडचिरोली या जिल्ह्यांचीं अरण्यें आपल्याच प्रांतांत आहेत. तेथील माडिया गोंडांचें जीवन विलास मनोहर यांनीं ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ या मराठी कादंबरींत रेखाटलें आहे. ती वाचावयास भाषांतराचीही गरज नाहीं. गडचिरोलीच्या कित्येक माडिया गांवांतून ‘कुर्माघर’ असतें. मासिक पाळीचे दिवस स्त्रियांनीं त्या वेगळ्या झोपडींत काढावयाचे, अशी तेथील रूढी.

हें ऐकून वाचकांस त्यांची कींव येईल. पण ‘कावळा शिवला’ म्हणून आपल्या आज्या ज्या कोपऱ्यांत बसत, तें कुर्माघर नव्हे तर काय? कित्येक घरांत तो कोपरा अद्याप शिल्लक आहे.

म्हणून आम्ही सुचवितों, दूरची कादंबरी अवश्य वाचावी. मात्र ती मिटल्यावर घरांतील वडीलधाऱ्या बायकांस त्यांच्या त्या चार दिवसांविषयीं विचारावें, आणि सुनेसाठीं तो कोपरा ठेवूं नये.