अंगणात गेलेली शाळा

ताराबाई मोडक १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या, तेव्हा बालशिक्षणातला मोठा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात त्यांनी मॉन्तेसरी पद्धत मुरवून घेतली होती. पुण्यातली शिक्षिकेची नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण गरीब वस्त्यांतली मुले काही तिकडे फिरकेनात.

मग या बायाच वस्तीत गेल्या. घरापुढचे एखादे अंगण झाडायचे, मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि खेळ मांडायचा. मॉन्तेसरीचे महागडे साहित्य कुठून आणणार? चिंचोके, शंख, खडे, पाने, माती होतीच. शंख लहानमोठे लावताना मुलाला क्रम कळतो, चिंचोके वाटून घेताना मोजणे येते. काय खेळायचे, किती वेळ, हे मूल ठरवते. शिकवणाऱ्या ताईचे काम बघत राहण्याचे आणि नेमक्या वेळी पुढची वस्तू हाताशी ठेवण्याचे. ते शिकवण्याहून अवघड आहे.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाही कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलींसाठी शाळेला पाळणाघर जोडले. मुलाच्या कलाने घ्यायचे तर शाळेने आपली जागाही बदलायची, इतका सरळ हा विचार होता.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणातली ही कल्पना अंगणवाडीच्या रूपाने पुढे देशभर गेली. पोषण आहार, वजन, लसीकरण ही कामे मोलाचीच. पण त्यांच्या नोंदी भरता भरता खेळ मागे पडतो, आणि हा दोष अंगणवाडीच्या ताईंचा नाही.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात तर हा प्रश्न अधिकच टोचतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबे दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन बाहेर पडतात; प्रवरा, राहुरी, संगमनेरच्या पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. मोठ्या मुलांसाठी कारखान्याजवळ हंगामापुरत्या भरणाऱ्या साखरशाळेचे प्रयोग तरी झाले. तीन-चार वर्षांचे पोर मात्र फडाच्या कडेला, पाचटात, बैलांच्या पायांशी वावरते. नाव पाथर्डीच्या अंगणवाडीत, मूल राहुरीच्या फडात!

इथे इमारतीआधी कुरणशाळा हवी. टोळीबरोबर आलेल्या बायांपैकीच एकीला तिच्या तोडणीइतकी मजुरी देऊन ताई म्हणून तयार करता येईल. टोळीच्या कोप्यांजवळ सावलीची जागा, पिण्याचे पाणी, चिंचोक्यांची थैली आणि मुलांच्या आहाराची त्याच ठिकाणी नोंद. एवढी तजवीज गाळपाचा परवाना देतानाच कारखान्यांकडून मागून घ्यावी. गाळप संपून पट्टा पडेपर्यंत थांबलो तर ती पोरे गावी परतलेली असतात.