सात दिवस, एक बेट आणि आईची सुट्टी

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ नुकतेच नोकरीतून निवृत्त झाले. मुलगा लंडनला नोकरीस आहे. पुढच्या उन्हाळ्यात पतिपत्नी त्याच्याकडे जाणार आहेत. मुलाने फोनवर सांगितले, "बाबा, इथे आलात की आपण तिघे एक आठवडा बार्बाडोस बेटावर जाऊ. काही करायचे नाही, नुसता आराम." हे ऐकून गृहस्थ कामाला लागले आणि परवा सपत्नीक आमच्याकडे आले. हातात वही होती. वहीत सात दिवसांत पाहायची एकवीस ठिकाणे लिहिलेली!

आम्ही विचारले, "यात वहिनींना काय हवे ते कुठे आहे?"

"तिचे काय, ती बरोबरच असणार!"

वहिनी शेजारीच बसल्या होत्या. आम्ही त्यांनाच विचारले. थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "सकाळी डोळे उघडले की आज भाजी कुठली करायची, हा विचार डोक्यात येऊ नये. असे आठ दिवस मिळाले तरी पुष्कळ."

वाचकहो, पस्तीस वर्षांच्या संसारात या बाईंनी केलेला प्रवास म्हणजे माहेर, सासर, लग्नकार्ये, लेकीसुनांची बाळंतपणे आणि वर्षातून एकदा चैत्यभूमी. त्या गर्दीतही घरच्यांचा डबा त्यांनीच बांधलेला. मग आम्ही ती वही बाजूला ठेवली आणि कोऱ्या कागदावर नव्याने आखणी केली. ती इतर कुटुंबांनाही उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहोत.

बेट कसे, महिना कोणता?

बार्बाडोस हे कॅरिबियन बेटांच्या रांगेतले अगदी पूर्वेचे बेट. लांबी सुमारे 34 किलोमीटर, रुंदी जेमतेम 23. लोकवस्ती तीन लाखांच्या आत. बेटाला दोन समुद्र आहेत असे म्हटले तरी चालेल. पश्चिमेचा कॅरिबियन समुद्र शांत, तळ्यासारखा. पूर्वेचा अटलांटिक मात्र खवळलेला, किनाऱ्यावर आदळणारा. ज्याला आराम हवा त्याने मुक्काम पश्चिमेला किंवा दक्षिणेला करावा. पूर्वेचा समुद्र काठावरून पाहावा, त्यात उतरू नये.

डिसेंबर ते मे हा तिथला कोरडा काळ. त्यातही डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेतले लोक थंडी टाळण्यासाठी येतात. त्यामुळे भाडी चढलेली असतात. 1 जून ते 30 नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम. आपल्याकडच्या क्रिकेटप्रेमींना याची आठवण वेगळी सांगायला नको. 29 जून 2024 रोजी रोहित शर्माच्या संघाने याच बेटावर दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-20 विश्वचषक जिंकला. पण 'बेरिल' नावाचे चक्रीवादळ आले, विमानतळ बंद झाला आणि विश्वविजेते हॉटेलातच अडकून पडले! त्या वादळाने तिथल्या मच्छीमारांच्या बोटींची फार मोठी हानी केली. तेव्हा आम्ही मे महिन्याचा पहिला पंधरवडा सुचवला. गर्दी ओसरलेली, भाडी उतरलेली आणि वादळांना अजून अवकाश.

एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी. 2011 पासून सारगासम नावाचे तपकिरी समुद्रशेवाळ उन्हाळ्याच्या सुमारास या बेटांवर वाहून येते. कुजले की त्याला दुर्गंधी येते. त्याचा जोर पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांवर अधिक असतो. म्हणून आम्ही पश्चिमेकडील होलटाउन गावाचा परिसर निवडला.

किनारा कोणाच्या मालकीचा?

गृहस्थांनी लगेच शंका काढली, "पश्चिम किनारा म्हणजे धनिकांचा भाग. आपल्याला परवडेल का?" शंका रास्त होती. तिथे किनाऱ्याला लागून असलेल्या काही हॉटेलांचे एका रात्रीचे भाडे ऐकून माणूस खाली बसेल. पण बार्बाडोसचे सर्व समुद्रकिनारे सार्वजनिक आहेत. हॉटेल कितीही मोठे असो, त्याच्या समोरच्या वाळूवर बसण्याचा आणि पाण्यात उतरण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. सार्वजनिक पाण्यावरचा हक्क म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. तेव्हा समुद्राला लागून खोली घेण्याचे कारण नाही. रस्त्याच्या आतल्या बाजूला, किनाऱ्यापासून पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर साधी जागा घ्यावी. पाणी तेच, वाळू तीच.

खर्चाचे गणित सोपे आहे. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, हा दर 1975 पासून कायम आहे. बहुतेक माल बाहेरून येत असल्याने महागाई बरीच. नळाचे पाणी मात्र पिण्यास उत्तम असते. बेट प्रवाळाच्या चुनखडीचे, त्यातून झिरपून पाणी गाळले जाते. तेव्हा बाटलीबंद पाण्यावर पैसे घालवू नयेत.

कागदपत्रांत तीन गोष्टी पाहाव्यात. बार्बाडोसचा त्या वेळचा प्रवेशनियम कोणता, विमान मध्ये कुठे बदलत असेल तर तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, आणि बेटावरून परतताना इंग्लंडमध्ये पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा हाती आहे ना. लंडनहून सरळ जाणारे विमान सुमारे नऊ तासांत पोहोचते. वीज 115 व्होल्टची, प्लग अमेरिकन पद्धतीचे चपट्या पात्यांचे. फोनचे चार्जर सहसा चालतात, आपल्याकडची इस्त्री चालत नाही. रक्तदाबाची, साखरेची औषधे आठवड्यापेक्षा थोडी जास्तच घ्यावीत, आणि चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत. प्रवासविमा टाळू नये. डासांचे मलमही घ्यावे, कारण तिथे डेंग्यू होतो.

एकवीस ठिकाणांची तीन झाली

रविवारी पोहोचायचे. त्या दिवशी आंघोळ, जेवण आणि झोप.

सोमवारी फक्त समुद्र. सकाळी लवकर आणि दुपारी चारनंतर. मधल्या वेळचे ऊन वाऱ्यामुळे जाणवत नाही, पण कातडी भाजून काढते. किनाऱ्यावर मँचिनील नावाची झाडे आहेत. पुष्कळदा त्यांच्या बुंध्यावर तांबडा पट्टा रंगवलेला असतो. त्यांची फळे लहान हिरव्या सफरचंदासारखी दिसतात, पण ती विषारी असतात. चीक लागला तर फोड येतात. पावसात या झाडाखाली आडोशाला उभे राहू नये. आणखी एक, लष्करी गणवेशासारख्या ठिपक्यांचे कपडे सामान्य माणसाने घालण्यास या देशात कायद्याने बंदी आहे. मुलाची तशी पँट असेल तर ती घरीच ठेवावी.

मंगळवारी अर्धा दिवस राजधानी ब्रिजटाउन. बसनेच जावे. थांब्यावरच्या पाटीवर बस शहराकडे जाणारी की शहराबाहेर जाणारी, एवढेच लिहिलेले असते. चुकण्याची भीती नाही. बसमध्ये किंवा दुकानात शिरताना आधी 'गुड मॉर्निंग' म्हणण्याची तिथली रीत आहे. न बोलता आत शिरणे उद्धटपणाचे मानतात. गृहस्थांना केन्सिंग्टन ओव्हल मैदान पाहायचे होतेच. 1962 साली याच मैदानावर बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला आणि त्यांचा जीव धोक्यात आला. तेव्हा रक्त द्यायला वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आला. आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनीही रक्त दिले. वॉरेल याच बेटाचा सुपुत्र. वेस्ट इंडिजचे संपूर्ण मालिकेत नेतृत्व करणारा तो पहिला कृष्णवर्णीय. मैदानाबाहेर पाच मिनिटे उभे राहून एवढे आठवले तरी जाण्याचे सार्थक झाले.

बुधवार कोरा. त्या चौकटीत आम्ही काहीही लिहिले नाही.

गुरुवारी चालकासह गाडी ठरवून पूर्वेचे बाथशीबा गाव. समुद्रात उभे असलेले प्रचंड खडक, फेसाळत्या लाटा आणि त्यांवर फळीवरून घसरणारी तरुण मुले. जाताना वाट थोडी वाकडी करून मोठ्या चौकातील मुक्तिपुतळा पाहावा. दोन्ही हात उंचावलेला, मनगटांतल्या साखळ्या तुटलेला एक कृष्णवर्णीय पुरुष. 1985 साली उभारलेल्या या पुतळ्याला लोक 'बुसा' म्हणतात. बुसा हा गुलाम होता. त्याच्या नावाने ओळखला जाणारा उठाव 1816 च्या एप्रिलमध्ये झाला.

सतराव्या शतकाच्या मध्यापासून या बेटावर ऊस आला. उसापाठोपाठ आफ्रिकेतून जहाजे भरभरून माणसे आणली गेली. गुलाम माणसाला मालमत्ता ठरवणारा कायदा इथे 1661 साली झाला आणि पुढे इतर इंग्रजी वसाहतींनी तो उचलला. गुलामगिरी 1834 साली कायद्याने संपली, पण 'उमेदवारी'च्या नावाखाली सक्तीची मजुरी 1838 पर्यंत चालली. मुक्त झालेल्या माणसांजवळ श्रम होते, जमीन नव्हती. जमीन मळेवाल्याची. त्याने हाकलले तर घर मोडून दुसरीकडे न्यावे लागे. म्हणून त्यांनी लाकडी फळ्यांची, नुसत्या दगडांवर टेकवलेली घरे बांधली. ती सुटी करून गाडीवर घालता येत. त्यांना 'चॅटल हाऊस' म्हणतात. आज ही घरे निळ्या, पिवळ्या, गुलाबी रंगांनी सजलेली दिसतात आणि प्रवासी त्यांची छायाचित्रे काढतात. आम्ही वहिनींना त्या घरांमागची गोष्ट सांगितली. त्या एवढेच म्हणाल्या, "म्हणजे घर आपले, पण जागा आपली नाही. आम्ही पण तसेच राहिलो की!" अशा वस्त्यांतल्या भाडेकरूंना आपल्या पायाखालची जमीन विकत घेण्याचा हक्क देणारा कायदा बार्बाडोसमध्ये 1980 साली झाला. देश 1966 साली स्वतंत्र झाला आणि 30 नोव्हेंबर 2021 रोजी प्रजासत्ताक बनला.

शुक्रवारी संध्याकाळी दक्षिणेचे ऑइस्टिन्स गाव. मच्छीमारांच्या या गावात दर शुक्रवारी रात्री उघड्यावर निखाऱ्यांवर मासे भाजतात. स्थानिक लोक आणि पाहुणे एकाच बाकावर बसून खातात, गाणे-बजावणे चालते. उडता मासा आणि 'कूकू' हे तिथले राष्ट्रीय जेवण. कूकू म्हणजे मक्याचे पीठ आणि भेंडी एकत्र घोटून केलेला मऊ गोळा. भेंडी आणि कोकणातला नीरफणस तिथेही भेटतील. 'रोटी'ही मिळते, म्हणजे चपातीत गुंडाळलेली रस्सा-भाजी. त्रिनिदाद, गयानात मजूर म्हणून गेलेल्या भारतीयांचे ते देणे आहे. परतीची टॅक्सी मात्र आधी ठरवून ठेवावी.

शनिवारी पुन्हा समुद्र, संध्याकाळी सामानाची बांधाबांध. रविवारी परत.

स्वयंपाकघराचे काय?

आता मुख्य गोष्ट. मुलाने स्वयंपाकघर असलेली जागा शोधली होती. त्याचे म्हणणे असे की बाहेरचे खाणे महाग, घरी शिजवले तर निम्मा खर्च वाचेल. हिशोब बरोबर आहे. पण शिजवणार कोण, हे त्या हिशोबात लिहिलेले नव्हते. सात समुद्र ओलांडून आईने पुन्हा ओट्यापाशीच उभे राहायचे असेल, तर तिच्यापुरती सुट्टी कसली? बदलला तो फक्त ओटा!

1945 साली कारखान्यातल्या कामगारांना पगारी सुट्टी देण्याची तरतूद आपल्या देशाच्या कायद्यात आली. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरखाते बाबासाहेबांकडे होते. विश्रांती ही राबणाऱ्याचा हक्क आहे, हे तेव्हा कायद्याने मान्य केले. घरातल्या बाईला ना पगार, ना सुट्टी. तिच्यासाठी कायदा नसेल, घरातला नियम तर करता येईल?

म्हणून आम्ही कागदाच्या वरच्या कोपऱ्यात नियम लिहिला. जागा स्वयंपाकघराचीच घ्यावी. सकाळचा चहा-नाश्ता मुलगा करील, भांडी वडील घासतील, दुपारचे जेवण बाहेर आणि रात्री पाव, अंडी, फळे. वहिनींनी ओट्याकडे फिरकायचे नाही.

गृहस्थ हसले. पण वहिनी हसल्या नाहीत. गोंधळून त्यांनी विचारले, "मग दिवसभर मी करू काय?"

वाचकहो, खरे सांगतो, आमच्याजवळ याचे उत्तर नव्हते. ज्या बाईला रिकामे बसण्याची सवयच कोणी लागू दिली नाही, तिला सात दिवसांत ती कशी लागावी? म्हणूनच तो बुधवार आम्ही कोरा ठेवला होता. जाताना गृहस्थांनी आमच्याकडून पेन मागून घेतले आणि त्या कोऱ्या चौकटीत स्वतःच्या हाताने लिहिले, 'चहा मी करीन.'

बार्बाडोस सर्वांना जमणार नाही, हे आम्ही जाणतो. कोणी अलिबागला जाईल, कोणी महाबळेश्वरला, कोणी गावच्या नदीकाठी. कुठेही जा, पण आखणी करताना पहिला प्रश्न घरातल्या आईला विचारा, आणि एक दिवस कोरा ठेवा.