देवराईतलं ढेकूळ, शेतातलं ढेकूळ

परवा मुळशीकडे मित्राच्या शेतावर गेलो होतो. बांधाला लागूनच देवराई. गावातल्या जाणत्यांना विचारून तिथलं एक ढेकूळ घेतलं, एक शेतातलं. दोन्ही खडखडीत वाळवली आणि पाण्याच्या ग्लासांत सोडली.

शेतातलं दोन मिनिटांत विरघळलं, पाणी गढूळ. देवराईतलं तसंच टिकून, नुसते बारीक बुडबुडे!

डोंगर तोच, पाऊस तोच. फरक वापराचा. जंगलात पालापाचोळा कुजतो. त्यातले चिकट पदार्थ, बारीक मुळं आणि बुरशीचे धागे मातीचे कण बांधून ठेवतात. वारंवार नांगरलं की ही वीण तुटते, सेंद्रिय कर्ब झपाट्याने घटतो. मग जोराच्या सरींनी वरचा थर सुटतो आणि ओढा लाल होतो.

भातरोपांसाठी राब भाजतात, म्हणजे वाफ्यावर पाला पसरून जाळतात; तिथेही सेंद्रिय पदार्थ वाया जातो. राखेतून पालाश मिळतं, तण मरतं, हे खरं. पण पाल्यातला बहुतेक नत्र धुरात जातो. माझ्या मते पाला कुजवलेलाच बरा. मित्राने यंदा अर्ध्या वाफ्यात गिरिपुष्पाचा पाला गाडलाय.

घरी करून बघा, ढेकूळ मात्र पूर्ण वाळलेलं हवं. फोटो टाका, काही अडलं तर विचारा.