दानाची ठेव आणि शाळेची पेटी

वार्षिक समारंभात "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ पारितोषिक" हे शब्द आमच्या विद्यार्थ्यांच्या कानांवर दरवर्षी पडतात. एखाद्या कुटुंबाने शाळेकडे ठेवलेल्या रकमेच्या व्याजातून अशी पारितोषिके बहुधा दिली जातात. मूळ ठेव मोडावयाची नाही, उत्पन्नावरच खर्च भागवावयाचा, हाच मोठमोठ्या कौटुंबिक न्यासांचाही पाया होय. मात्र व्याज तेवढेच राहते आणि वस्तू महागत जातात. एक हजार रुपयांवर सहा टक्क्यांनी वर्षाला ६० रुपये येतात. एके काळी त्यांत शब्दकोश येत असे. आज एखादी बरी वही येते. दात्याचे नाव टिकते, बक्षीस झिजते.

टाटा घराण्याने ही अडचण निराळ्या रीतीने सोडविली. सर रतन टाटा १९१८ साली निवर्तले व १९१९ मध्ये त्यांचा न्यास स्थापन झाला. सर दोराबजींचा न्यास १९३२ चा. या व संबंधित न्यासांकडे मिळून टाटा सन्स या मूळ कंपनीचे सुमारे ६६ टक्के भाग आहेत, त्यामुळे उद्योगाच्या भरभराटीबरोबर दानाची शक्तीही वाढते. याहून जुना जमशेटजींचा १८९२ चा निधी. तो उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो, आणि एकाने फेडलेले पैसे दुसऱ्याच्या कामी येतात. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर या निधीच्या साह्याने केंब्रिजला गेले.

पण न्यास काढण्यास कारखानाच हवा असे नाही. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांचे प्रतिष्ठान लेखन आणि रंगभूमी यांच्या मिळकतीतून उभे राहिले. हे तेच पु. ल., ज्यांनी काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात अध्यापन केले! पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्रीय संस्थेच्या आवारात शाळकरी मुलांसाठी विज्ञानशोधिका आहे; तिची 'पुलस्त्य' ही इमारत देशपांडे कुटुंबाच्या दानातून झाली. पुलस्त्य हा सप्तर्षींपैकी एक तारा, आणि त्याच्या नावात पु. ल. ही अक्षरे आलीच. आयुकाचे संस्थापक संचालक नारळीकरच, हा योगही मोठा गोड.

कलेच्या बाबतीत मात्र दात्यांचा कल आम्हांस खटकतो. सभागृह बांधून देण्यास, पेटी भेट देण्यास पुष्कळजण तयार असतात. तेथे नावाची पाटी लावता येते. पेटी शिकविणाऱ्या गुरुजींच्या मानधनाला पाटी कोठे लावावी? मग पेटी कपाटात राहते, दमट हवेने तिचे सूर बिघडतात, भात्याला उंदीर लागतात. दशावताराचेही तसेच. मुखवटे नि वेष विकत मिळतील; पखवाजाच्या ठेक्यावर पात्राने प्रवेश कसा करावा, आयत्या वेळी संवाद कसा रचावा, हे जाणत्या कलावंताजवळ बसूनच शिकावे लागते, आणि त्या कलावंताला आपला दिवसाचा रोजगार बुडवून शाळेत यावे लागते.

साहाय्य मागणाऱ्या शाळेने प्रथम न्यासपत्रातील उद्दिष्टे पाहावीत. त्यांबाहेर विश्वस्तांना इच्छा असूनही खर्च करता येत नाही. दुसरीकडे, आयकरातील सूट टिकविण्यासाठी धर्मादाय न्यासाला वर्षाच्या उत्पन्नाचा साधारणतः ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्चावा लागतो. म्हणजे योग्य मागणीची गरज त्यांनाही असतेच. अर्जात 'वाद्यखरेदी' एवढेच न लिहिता कलावंताचे मानधन, येण्याजाण्याचा खर्च आणि पेटीची दुरुस्ती या तीन रकमा निरनिराळ्या दाखवाव्यात, आणि त्या निदान तीन वर्षांसाठी मागाव्यात.