एक की शून्य

बल्लारपुरात घरी बसून मी ज्या सर्व्हरांची मांडणी लिहितो ते मुंबईत असतात, काही हैदराबादला. अ‍ॅमेझॉनने आपलं मुंबई रीजन २०१६ साली सुरू केलं आणि हैदराबादचं नोव्हेंबर २०२२मध्ये. ही दोन्ही शहरं माझ्याकडे सुरुवातीला एकाच फाइलमध्ये नांदत होती. फाइल टेराफॉर्मची. काय काय अस्तित्वात हवं ते तिच्यात लिहायचं. आधीपासून काय आहे याची नोंद टेराफॉर्म स्टेट फाइलमध्ये ठेवतं, आणि दोन्हींत जो फरक दिसेल तेवढंच काम करतं.

पण सगळं सगळीकडे नको असतं. प्रॉडक्शनच्या डेटाबेसची एक रेप्लिका हैदराबादला हवी, म्हणजे मुंबईत काही बिघडलं तरी माहिती शाबूत राहील. डेव्हलपमेंटला ती कशाला? दर महिन्याचं बिल वाढतं. प्रत्येक एन्व्हायर्नमेंटची वेगळी फाइल केली, तर चार महिन्यांत त्या एकमेकींना ओळखेनाशा होतात. एकीत झालेली दुरुस्ती दुसरीत पोचतच नाही. म्हणून फाइल एकच आणि आत अट.

टेराफॉर्ममध्ये रिसोर्सला, म्हणजे घडवायच्या एकेका वस्तूला, थेट ‘जर’ लावता येत नाही. असतो तो काउंट, म्हणजे किती नग हवेत तो आकडा. एन्व्हायर्नमेंट प्रॉडक्शन असेल तर १, नसेल तर ०, असं लिहिलं की अट तयार. ओळ एवढीशी, पण तिच्यामुळे रिसोर्सचा पत्ता बदलतो. आता ती एक वस्तू उरत नाही, यादी होते, आणि यादी रिकामीही असू शकते. त्यामुळे जिथे जिथे त्या रेप्लिकाचा उल्लेख आहे तिथे तिथे ‘असलीच तर’ धरून लिहावं लागतं. २०२०मध्ये ०.१३ आवृत्ती येईपर्यंत तर अख्ख्या मॉड्यूलला, म्हणजे रिसोर्सच्या गटाला, काउंट लावायची सोयच नव्हती. आतल्या एकेका रिसोर्सपर्यंत ती अट ठरवणारा ट्रू-फॉल्सचा फ्लॅग हाताने पोचवावा लागे. टेराफॉर्मचा परवाना २०२३मध्ये बदलल्यावर त्यातून ओपनटोफू वेगळं निघालं. त्याच्या १.११ आवृत्तीत ‘एनेबल्ड’ असं सरळ लिहिता येतं. ही सोय फार आधी यायला हवी होती.

शून्याचा खरा अर्थ कळतो तो प्लॅन, म्हणजे टेराफॉर्म काय करणार त्याची आगाऊ यादी, वाचताना. आमच्यातल्या एका नव्या मुलाने बिल वाचावं म्हणून स्टेजिंगच्या डेटाबेसचा फ्लॅग फॉल्स केला. महिनाभर त्याची गरज नव्हती, हेतू चांगलाच होता. आम्ही स्क्रीन शेअर करून प्लॅन उघडला. डेटाबेसच्या नावापुढे कंसात शून्य, त्याच्या डावीकडे लाल वजाचं चिन्ह, आणि वर कारण दिलेलं: [०] हा क्रमांक काउंटच्या मर्यादेत बसत नाही. खाली बेरीज: नवीन ०, बदल ०, नष्ट १. तो म्हणाला, “फॉल्सच तर केलं दादा, डिलीट थोडीच केलं!”

आमच्या गावच्या बल्हारशाह जंक्शनवर पॉइंट फिरवला की गोंदियाकडची गाडी मुख्य मार्गापासून वेगळी होते, पण मुख्य मार्गाचा रूळ जागेवरच असतो. आपल्या फाइलीत फ्लॅग फिरवला की रूळच उखडला जातो. फाइलीतला मजकूर तसाच दिसतो, एक ओळही खोडलेली नसते. नष्ट होतो तो डेटाबेस आणि त्यातली माहिती. त्या मुलाला हे मी त्याच स्क्रीनवर दाखवलं आणि आम्ही प्लॅन तिथेच सोडला. डेटाबेस काही दिवस थांबवायचा असेल तर वेगळी सोय आहे. फ्लॅग त्यासाठी नाही.

तेव्हापासून अटीखालच्या प्रत्येक डेटाबेसवर डिलीशन प्रोटेक्शन लावलेलंच असतं. मग फ्लॅग चुकून फिरला तरी क्लाउड स्वतःच नकार देतो. खरंच काढायचं असेल तर आधी प्रोटेक्शन उतरवून अ‍ॅप्लाय करायचं आणि मग फ्लॅग फिरवायचा. दोन बदल, दोन वेळा दुसऱ्या माणसाची मंजुरी. हा वेळखाऊपणा मला हवा आहे. आणि अ‍ॅप्लाय लॅपटॉपवरून कधीच नाही. आमच्याकडे पावसाळ्यात वादळ सुटलं की लाइन जाते, आणि मध्येच तुटलेल्या अ‍ॅप्लायमागे स्टेट फाइलचं कुलूप लागून राहू शकतं.

अटीचं उत्तर प्लॅनच्या वेळीच माहीत असावं लागतं. जो आयडी अ‍ॅप्लाय झाल्यावर जन्माला येणार, त्यावर काउंट ठरवू पाहिलं की टेराफॉर्म अडून बसतं. नवख्यांना याचा राग येतो. मला ते अडणं योग्य वाटतं: किती वस्तू बनणार हेच ठाऊक नसेल, तर प्लॅन वाचून मंजुरी तरी कशाला द्यायची?

हैदराबादची आणखी एक गंमत आहे. ते रीजन खात्यात आधी स्वतःहून सुरू करून घ्यावं लागतं; मुंबईला तसं करावं लागत नाही. आणि काउंट रिसोर्सला लागतो, प्रोव्हायडरला, म्हणजे त्या रीजनशी जोडणाऱ्या भागाला, लागत नाही. म्हणजे डेव्हमध्ये रेप्लिका शून्य असली तरी हैदराबादच्या प्रोव्हायडरचं वर्णन फाइलीत राहतंच. म्हणून रेप्लिकाचं मॉड्यूल मी आता प्रॉडक्शनपुरतं वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या स्टेटसह ठेवतो. काही अटी फाइलीत लिहिण्यापेक्षा फाइलीबाहेर काढलेल्या बऱ्या.

फ्लॅगांची संख्या हाच माझा मोठा आक्षेप. पाच फ्लॅग म्हणजे एकाच फाइलीची ३२ रूपं. प्रत्यक्षात चालतात तीन: डेव्ह, स्टेजिंग, प्रॉड. उरलेली २९ कोणी कधी चालवून पाहिलेली नसतात, पण एका चुकीच्या शब्दावर त्यांतलं कोणतंही उभं राहू शकतं. म्हणून सुटे फ्लॅग न देता मी एन्व्हायर्नमेंटचं नाव घेतो आणि बाकी सगळं त्यावरून ठरवतो. चौथं नाव दिलं तर व्हॅलिडेशन तिथेच थांबवतं. टेराफॉर्म १.६पासून टेस्ट लिहिण्याची सोय आहे. तीत मी तिन्ही नावांनी प्लॅन चालवतो. डेव्हमधल्या बॅकअप व्हॉल्टच्या यादीची लांबी शून्य आणि प्रॉडमध्ये एक आली, तरच बदल पुढे जातो.