पिशवीत जाणारा चंद्र

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला गेले, झाडं उघडी पडली, आणि आता शनिवार-रविवारचं काम ठरलेलं: बॅकयार्डमधली पानं गोळा करून पिशव्या भरायच्या. त्या पिशव्यांची तोंडं बांधण्याआधी चार मिनिटं आमचं ऐका.

अमेरिकेच्या पूर्व भागातल्या पानझडी जंगलांत, अगदी टेक्सास-फ्लोरिडापर्यंत, लूना मॉथ नावाचा मोठा पतंग राहतो. लॅटिनमध्ये लूना म्हणजे चंद्र. फिकट हिरवे पंख, चारही पंखांवर डोळ्यासारखा एकेक ठिपका आणि मागे दोन लांब शेपट्या. पंख पसरले की चारेक इंच भरतो.

गंमत म्हणजे हा पतंग काहीच खात नाही. त्याचं तोंड कामाचंच नसतं. अळी असताना अक्रोड, हिकरी, बर्च, स्वीटगम अशा झाडांची पानं खाऊन जे साठवलं, त्यावर तो जेमतेम आठवडाभर जगतो. तेवढ्यात मादीच्या गंधाचा माग काढत नराने तिला गाठायचं, आणि मादीने अंडी घालायची.

शेपट्या शोभेच्या नाहीत. वटवाघूळ आवाजाच्या प्रतिध्वनीवरून शिकार शोधतं. उडताना या शेपट्यांची पिळदार टोकं गरगरतात, वटवाघूळ फसतं आणि शेपटीवरच झडप घालतं. शेपटी फाटते, जीव वाचतो. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शेपट्या नसलेले पतंग वटवाघळांच्या तावडीत कितीतरी जास्त सापडले.

आता तुमच्या पिशवीकडे येऊ. थंडीआधी अळी झाडावरून खाली उतरते, अंगाभोवती पान ओढून घेते आणि आत रेशमाचा पातळ कोश विणते. वसंत येईपर्यंत मुक्काम तिथेच, पाचोळ्यात. आपल्याला दिसतं ते फक्त एक वाळकं पान. वटवाघळाला चकवणारा हा जीव आपल्या मोवरखाली किंवा पिशवीत संपतो. उत्तरेकडे तर वर्षाला त्याची एकच पिढी होते.

मग काय करायचं? हिरवळीवरची आणि वाटेवरची पानं जरूर काढा, पण ती झाडांच्या बुंध्याशी हलक्या हाताने सारून ठेवा. चुरा करू नका. सोसायटीचे नियम कडक असतील तर मागचा एखादा कोपरा राखा. उन्हाळ्यात रात्री पोर्चचा दिवा बंद ठेवा. दिव्याभोवती घिरट्या घालण्यात त्याच्या मोजक्या रात्री वाया जातात.

याचा जवळचा भाऊबंद, इंडियन मून मॉथ, आपल्या सह्याद्रीच्या जंगलांतही आहे. पुढच्या फोनवर आजी-आजोबांना विचारा, पावसाळ्यात पडवीच्या भिंतीवर असा हिरवा पाहुणा कधी बसला होता का? आणि मुलांना सांगा, अंगणातला पाचोळा म्हणजे कचरा नव्हे. तिथे कुणीतरी झोपलेलं असू शकतं.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!